ओहोटी नसलेल्या समुद्रावर एक दिवस

नीसमधल्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, "अगं, आज भरती किती वाजता?" त्या हर्णैच्या. समुद्रावर जायचं तर आधी तिथी बघायची, अष्टमी असेल तर भांग, पौर्णिमा-अमावास्या असेल तर उधाण, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी इमानेइतबारे खाली जाऊन हॉटेलच्या काउंटरवर विचारलं. तिथल्या मुलाने प्रश्न दोनदा ऐकला आणि हसून खांदे उडवले. समुद्र असतो तिथेच असतो, म्हणाला.

खरंच असतो. भूमध्य समुद्राला अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटरची. महासागराच्या भरतीचा जोर त्या चिंचोळ्या दारातच अडतो. शिवाय हा समुद्र स्वतः इतका मोठा नाही की चंद्राच्या ओढीने त्याचं पाणी फार चढावं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, नीसला वीतभर.

सहलीचं सगळं गणित इथेच बदलतं. आपल्याकडे ओहोटीला लांबच लांब ओली, कडक वाळू उघडी पडते. त्यावर मुलं क्रिकेट खेळतात, घोडागाड्या पळतात. इथे तसलं काही नाही. किनारा अरुंद, आणि वारा पडलेला असेल तर सकाळी पाण्यापासून चार हातांवर पसरलेला टॉवेल संध्याकाळीही तिथेच कोरडा असतो. दिवसाचं वेळापत्रक ठरवायला समुद्र येत नाही. ते ठरवतं ऊन आणि रेल्वे. पुढे जे सांगते आहे ते या दोन गोष्टी सांभाळून दिवस कसा काढायचा याबद्दल.

आधी मुक्कामाचं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्याला कोत दाझ्यूर म्हणतात तिथे, एका दिवसाच्या सहलींसाठी नीससारखं ठाणं नाही. कारण साधं: रेल्वेचा रूळ किनाऱ्याला चिकटून जातो आणि थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरावर एकेक समुद्रकाठचं गाव येतं. पूर्वेला विलफ्रांश, बोल्यू, एझ, मोनॅको, माँतोन आणि त्यापलीकडे इटली. पश्चिमेला आँतिब, ज्युआँ-ले-पँ, कान. गाडी भाड्याने घ्यायच्या फंदात पडू नका. रस्ते वळणावळणाचे, पार्किंग महाग, आणि जुलै-ऑगस्टात किनाऱ्याच्या रस्त्यावर वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात.

आता माझी मुख्य तक्रार. आपल्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा सगळा पट्टा एका दिवसात उरकलेला असतो. सकाळी नीस, दुपारी मोनॅको, संध्याकाळी कान, आणि प्रत्येक ठिकाणी 'फोटो स्टॉप' पंचेचाळीस मिनिटं. माझ्या नणंदेने अशी सहल केली. पाण्यात पाय बुडवला का, असं विचारलं तर म्हणाली, "बुटांची लेस सोडेपर्यंत गाइडने शिट्टी मारली." पैसे भरून, व्हिसाच्या रांगेत उभं राहून इतक्या लांब जायचं आणि समुद्र बसच्या काचेतून बघायचा, हे मला पटत नाही. स्वतःच्या पायाने जाणार असाल तर नियम एकच: एका दिवसाला एक किनारा. सकाळी जायचं, दिवसभर तिथेच राहायचं, संध्याकाळी परत. दुसरं गाव दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस नसेल तर दुसरं गाव नाही.

जायचं कधी? आपला समुद्र जूनपासून बंद होतो, तेव्हा त्यांचा उघडतो. मे महिन्यात ऊन छान असतं, पण पाणी सतरा-अठरा अंशांवर. अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते हाडात जातं. जूनच्या मध्यावर ते वीस-एकवीसपर्यंत येतं, ऑगस्टात चोवीस-पंचवीस. जुलैचा मध्य ते ऑगस्टची अखेर म्हणजे अख्ख्या युरोपच्या सुट्ट्या. त्यातही 14 जुलै आणि 15 ऑगस्ट या दिवशी किनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा मिळत नाही. 15 ऑगस्ट तिथेही सुट्टीचा दिवस, मेरीच्या स्वर्गारोहणाचा. म्युनिक-फ्रँकफर्टकडच्या मराठी मंडळींना मुलांच्या शाळेमुळे ऑगस्टातच यावं लागत असेल तर निदान शनिवार-रविवार टाळा. बाकीच्यांना माझी शिफारस सप्टेंबरचा पूर्वार्ध. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून ऊबदार असतं, गर्दी उतरलेली असते. जून मात्र दिवसाच्या लांबीत बाजी मारतो, कारण तेव्हा सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो.

या लांब दिवसात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. नीसच्या किल्ल्याच्या टेकडीवरून रोज दुपारी बाराला तोफेचा बार निघतो. एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूबाईंच्या हातातला चहा सांडला. आपल्याला वाटतं बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला, आता ऊन उतरणीला लागेल. तसं नाही. फ्रान्सची घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे नीसला सूर्य खऱ्या अर्थाने माथ्यावर येतो तो दीडच्या सुमारास. म्हणजे कडक ऊन बारा ते चार. हवा कोरडी असल्याने घाम अंगावर टिकत नाही आणि भाजतंय हे कळत नाही. आपण सावळे, आपल्याला काय होतंय, असं म्हणणारे माझे यजमान पहिल्या रात्री खांद्यांना कोरफड लावून पालथे झोपले होते. तेव्हा सकाळी लवकर पाण्यात, तोफ झाली की सावलीत, आणि चारनंतर पुन्हा पाण्यात. तिथली माणसंही हेच करतात.

रेल्वेबद्दल. स्थानिक गाड्यांना 'तेर' म्हणतात. नीसच्या मुख्य स्टेशनचं नाव नीस-व्हिल. पूर्वेकडे जायचं असेल तर पाटीवर बहुधा 'व्हँतिमीय' लिहिलेलं असतं. वेंतिमिलिया या इटलीतल्या सीमेवरच्या गावाचं हे फ्रेंच नाव. ते ठाऊक नसलं तर डोळ्यांसमोरून गाडी जाते आणि आपण 'मोनॅको' शोधत उभे राहतो. पडद्यावर थांब्यांची यादीही येते, ती वाचूनच चढा. तिकीट यंत्रावर किंवा मोबाइलवर आधीच काढायचं. गाडीत टीसी आला की काढू, हा विचार दंडात जातो. भाडं फार नाही. विलफ्रांशला थोडक्या युरोंत पोचता, पार माँतोनपर्यंत गेलात तरी एका बाजूचे दहाच्या आत. जाताना उजव्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला. येताना डाव्या.

कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ ही गाडी मोनॅकोत नोकरीला जाणाऱ्यांची. हजारो माणसं राहतात नीसमध्ये आणि कामाला जातात मोनॅकोत. आपल्या विरार लोकलची सर नाही, पण उभं राहायला लागतं आणि छत्री, टोपल्या घेऊन चढलेल्या पाहुण्यांकडे लोक कपाळाला आठ्या घालून बघतात. त्याच्या आधीची गाडी पकडा, नाहीतर नऊनंतरची. खिसेकापूंना ही गर्दी आवडते, हेही लक्षात असू द्या. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची, दादर स्टेशनवर घेतो तशी.

पहिली सहल विलफ्रांशची करा. नीसपासून सात-आठ मिनिटं. बोगद्यातून गाडी बाहेर येते आणि एकदम खाली निळ्या पाण्याची खोल वाटी दिसते. समोर कॅप फेराचं झाडीने भरलेलं भूशिर, पलीकडच्या अंगाला गेरू-पिवळ्या रंगांची घरं. स्टेशनातून बाहेर पडलं की पायऱ्या थेट किनाऱ्यावर उतरतात. रिक्षा नाही, बस नाही, चालणं नाही. गुडघेदुखीवाल्यांना याहून सोपा किनारा या पट्ट्यात नाही. मात्र उतरताना जितक्या पायऱ्या, तितक्याच संध्याकाळी चढायच्या आहेत.

या किनाऱ्याचं नाव प्लाज दे मारिनियेर. जाडसर वाळू आणि बारीक खडी, नीससारखे गोटे नाहीत. आखात बंदिस्त असल्याने पाणी सहसा संथ. मुलं असतील तर हेच ठिकाण. एकच सांभाळायचं: मोठी पर्यटक जहाजं या आखातात नांगर टाकतात आणि छोट्या होड्यांनी माणसं गावात उतरवतात. तो दिवस असेल तर दहानंतर गावातल्या गल्ल्या फुलून जातात. किनारा त्या मानाने बरा राहतो, कारण जहाजावरच्या बहुतेकांना पुढे मोनॅकोला न्यायचं असतं.

तोफेच्या वेळेला किनारा सोडा आणि पाण्याच्या कडेकडेने जुन्या गावाकडे चालत जा. दहा मिनिटं लागतात. गाव म्हणजे नुसत्या पाखाड्या. हा शब्द सासूबाईंचा. दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटा, दोन्हीकडे उंच घरं, कुठेतरी वाळत घातलेली चादर. त्यातली एक वाट तर पूर्ण झाकलेली आहे. रू ऑब्स्क्यूर, म्हणजे अंधारी गल्ली. तेराव्या शतकातली, वर घरं आणि खाली कमानींचा बोगदा, सुमारे 130 मीटर लांब. बाहेर अंग भाजत असताना तिथला दगड हाताला गार लागतो. आम्ही अर्धा तास तिथे नुसते उभे होतो. मुलगी भिंतीला गाल लावून.

बंदरालगत कोळ्यांचं छोटं देऊळ आहे, सेंट पीटरचं चॅपेल. एके काळी कोळी त्यात जाळी ठेवत. 1957 साली कवी-चित्रकार ज्याँ कोक्तो याने ते आतून रंगवलं. भिंतीभर मासे, डोळे, गावातल्या बायका, संत पीटर पाण्यावरून चालतो आहे. आत जायला थोडं तिकीट आहे, पण दुपारी ते बंद असू शकतं. बंद मिळालं तर हळहळत बसू नका, वर सोळाव्या शतकातला किल्ला आहे, त्याच्या आवारात सावली आहे. चारनंतर पुन्हा पाण्यात. साडेसहा-सातला गाडी. झाला दिवस.

ज्यांना पोहायचं नाही, नुसतं समुद्राकाठाने चालायचं आहे, त्यांनी पुढच्या स्टेशनावर, बोल्यूला उतरावं. तिथून साँ-ज्याँ-कॅप-फेरा या गावापर्यंत पाण्याच्या कडेने सपाट, बांधलेली वाट जाते. चढ नाही, गाड्या नाहीत. रमतगमत पाऊण तास. सत्तरीतल्या सासूबाईंनी ती दोनदा केली, दोन्ही वेळा साडी आणि स्पोर्ट्स शूजमध्ये.

आँतिब हे दुसऱ्या दिवसाचं गाव, आणि थोडं वेगळ्या माणसांचं. ज्यांना समुद्राबरोबर बाजार आणि चित्रंही हवीत त्यांचं. गाडीने अर्ध्या तासाच्या आत. जुन्या तटबंदीला लागूनच ग्राव्हेतचा छोटा वाळूचा किनारा आहे, बांधामुळे पाणी शांत. जवळच छपराखालचा सकाळचा बाजार: ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, टोमॅटो असे की नुसते मीठ लावून खावेत. समुद्रावर रोखलेल्या ग्रिमाल्दी वाड्यात पिकासोने 1946 साली काही महिने काम केलं, आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं आणि उन्हाळ्याचे महिने सोडले तर बाजारही, म्हणून सोमवारी आँतिब नको. लांबरुंद, मऊ वाळूच हवी असेल तर पुढचं स्टेशन ज्युआँ-ले-पँ. पण तिथे बराचसा किनारा खुर्च्यावाल्यांनी व्यापलेला आहे.

त्या खुर्च्यांचं प्रकरण एकदा स्पष्ट करून टाकते. फ्रान्समध्ये किनारा सार्वजनिक आहे, 1986च्या कायद्याने तिथे मुक्त आणि मोफत प्रवेश हा नियम आहे. काही भाग रेस्टॉरंटना भाडेपट्ट्याने दिलेले असतात. तिथे गादीची खुर्ची आणि छत्री दिवसाला वीस-तीस युरो किंवा जास्तही, माणशी. पहिल्या ओळीतली आणखी महाग. चौघांचं कुटुंब असेल तर तेवढ्यात दोन दिवसांचं जेवण होतं. शेजारीच फुकटचा भाग असतो, पाणी तेच. पण घरात कुणी वयस्क असेल, ज्यांना जमिनीवर बसून उठता येत नाही, तर त्यांच्यापुरती एक खुर्ची घ्यावी. आम्ही एकदा घेतली. सासूबाई छत्रीखाली पाय वर घेऊन बसल्या आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून संध्याकाळी सहापर्यंत उठल्या नाहीत.

माँतोन सर्वांत दूर, तरी चाळीस मिनिटांच्या आसपास. इटलीच्या उंबरठ्यावरचं गाव, डोंगराच्या आडोशाने ऊबदार, लिंबांसाठी नावाजलेलं. लिंबोत्सव फेब्रुवारीत असतो. तेव्हा समुद्रात जाणं विसरा, पण लिंबू-संत्र्यांच्या प्रचंड आकृत्या बघायला मिळतात. उन्हाळ्यात सॅब्लेतच्या किनाऱ्यावर बांधांमुळे पाणी तळ्यासारखं. तिथून वर बघितलं की साँ मिशेलच्या चर्चचा मनोरा आणि एकावर एक रचलेली केशरी घरं. ही सहल ज्येष्ठांसोबत आरामात करायची. मोनॅको आणि कानबद्दल मला सांगण्यासारखं थोडं आहे. मोनॅकोचा लार्व्होतो किनारा स्वच्छ आहे, पण गावात पोहण्याच्या कपड्यात किंवा अनवाणी फिरायला मनाई आहे. कानला वाळू चांगली, भाव चढे.

आणि खुद्द नीसचा किनारा? तो बघायला सुंदर, बसायला कठीण. वाळूचा कणही नाही, सगळे मुठीएवढे राखाडी गोटे. चप्पल घालून पाण्यात गेलात तर पहिल्या लाटेला चप्पल जाते. अनवाणी गेलात तर तळव्यांना दिवे लागतात. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. घ्याच. खडकाळ जागी समुद्री साळिंदरांचे काटे पायात मोडतात, त्यापासूनही ते वाचवतात.

गोट्यांपेक्षा गंभीर गोष्ट पाण्याखाली आहे. नीसचा तळ उतरत नाही, कोसळतो. तीन-चार पावलं टाकली की पाय टेकत नाहीत. हर्णै-मुरुडला शंभर पावलं चालत गेलं तरी पाणी कमरेला, ही आपली सवय इथे घात करते. वारा असेल तेव्हा लाटा काठावरच फुटतात आणि परतताना गोट्यांसकट पाय ओढून नेतात. मी स्वतः अशी एकदा बसकण मारली आहे, गुडघ्याला चांगलं खरचटलं, आणि एका आजीबाईंनी दंडाला धरून बाहेर काढलं. भरती-ओहोटी नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब करू नका. झेंडा बघा. हिरवा ठीक, पिवळ्याला सांभाळून, लाल असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. जांभळा झेंडा म्हणजे पाणी दूषित किंवा जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आलेले. जीवरक्षक साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात, तेही ठरावीक तासांपुरते. लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या टप्प्यातच राहावं. अडीअडचणीला फोन 112.

जेलीफिशचा फटका बसला तर गोड्या पाण्याने धुऊ नका. त्याने कातडीवर राहिलेल्या डंखपेशी फुटून आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, चिकटलेले धागे एखाद्या कार्डाच्या कडेने अलगद काढायचे आणि जीवरक्षकाच्या चौकीवर जायचं. किनाऱ्यावर कधी तपकिरी, वाळलेल्या पट्ट्यांचे ढीग दिसतात आणि आपण नाक मुरडतो. ती घाण नव्हे. पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची ती पानं, लाटांपासून किनाऱ्याची झीज रोखतात. काही ठिकाणी मुद्दाम काढत नाहीत.

कपड्यांबद्दल बायका मला सर्वांत जास्त विचारतात. सुती सलवार-कुर्ता किंवा जीन्स घालून पाण्यात जाऊ नका. भिजली की वजन वाढतं, पोहता येत नाही, आणि दिवसभर वाळत नाही. पोहण्याच्या कापडाची पूर्ण बाह्यांची बंडी आणि लेगिंग मिळते. ऊनही अडतं. आपल्याला तिथे कुणी निरखत नाही. तिथे ज्याला जे हवं ते तो घालतो, किंवा घालत नाही. काही बायका वरचं वस्त्र काढून ऊन खात पडलेल्या दिसतील. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बरंय, आमच्या वेळी इतकं ऊन वाया गेलं." आपल्या पुरुषमंडळींनी मात्र मोबाइलचा कॅमेरा खिशात ठेवावा. किनाऱ्याचा व्हिडिओ काढताना अनोळखी माणसं त्यात येतात आणि त्यावरून भांडणं होतात, रास्त भांडणं. किनाऱ्याबाहेर पडताना अंगावर शर्ट चढवायचा. 2025च्या उन्हाळ्यापासून किनाऱ्यावर सिगारेटलाही बंदी आहे.

पिशवीत काय? पातळ सतरंजी किंवा जुनी चादर (टॉवेलपेक्षा लवकर वाळते), टोपी, सनस्क्रीन, दीड लिटर पाणी माणशी, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. बऱ्याच किनाऱ्यांवर गार पाण्याचे फवारे असतात, फुकट, पण साबण लावायचा नाही. सगळे एकदम पाण्यात शिरू नका. एकाने सामानापाशी बसायचं, पाळीपाळीने.

खाण्याचं सोपं आहे, जरा आधी ठरवलं तर. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दुपारी दोननंतर बंद होतात आणि मग सातपर्यंत नीट जेवण मिळत नाही. आपल्या तीन वाजताच्या जेवणाला तिथे थारा नाही. सकाळी बेकरीतून पाव, बाजारातून टोमॅटो-चीज-पीच घेऊन निघणं उत्तम. दुकानात शिरल्या शिरल्या आधी 'बोंजूर' म्हणायचं. थेट मागणीला हात घातलात तर समोरच्याचा चेहरा बदलतो. जेवायला बसलात तर 'काराफ दो' मागा, नळाचं पाणी फुकट येतं.

शाकाहाऱ्यांनी नीसच्या जुन्या भागात सॉका खाल्ल्याशिवाय गाडीत बसू नये. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, एवढंच. तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत पातळसर ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वर येते तेव्हा कडा काळपट, मधे फोड आलेले, आत लुसलुशीत. बाई उलथन्याने खरवडून वेड्यावाकड्या तुकड्यांचा ढीग कागदावर टाकते आणि वरून मिरपूड भरभरून. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटून चावला, आणि निकाल दिला: "बेसनाचा पोळा. हळद विसरल्या." मग दुसरा ढीग मागवला. बाकीच्या नीसच्या पदार्थांत सावध राहा. कांद्याची पिसालादियेर दिसायला शाकाहारी, पण वर अँकोव्हीचे तुकडे असतात, आपल्या मांदेलीची ती नातलग. पाँ बान्यात आणि नीस सॅलडमध्ये ट्यूना नाहीतर अँकोव्ही. 'सां व्याँद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नकोत. त्यातला 'सों' नीट उच्चारा. 'झों' झालं तर अर्थ विष होतो. मासे खाणाऱ्यांनी अख्खा मासा मागवताना भाव बघावा. तो बऱ्याचदा शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो, आणि बशीत येतो सहाशेचा.

दोन कागदी गोष्टी राहिल्या. माँतोनहून पुढे वेंतिमिलियाचा शुक्रवारचा बाजार बघायला अनेक जण इटलीत जाऊन येतात. दहा-बारा मिनिटांचा तर प्रवास. पण परतताना माँतोन-गाराव्हान स्टेशनावर फ्रेंच पोलीस गाडीत चढून तपासणी करतात, आणि आपल्यासारख्या रंगाच्या माणसाला हमखास विचारतात. मूळ पासपोर्ट आणि व्हिसा जवळ हवा. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून मोबाइलमधला फोटो दाखवणाऱ्या एका कुटुंबाला आमच्यासमोर उतरवून घेतलं होतं. ओला होऊ नये म्हणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला.

दुसरी गोष्ट, संप. फ्रेंच भाषेत 'ग्रेव्ह'. रेल्वे संपावर जाणार असेल तर बहुधा आदल्या संध्याकाळपर्यंत कुठल्या गाड्या धावणार ते जाहीर होतं. झोपण्यापूर्वी एकदा बघा. आमचा माँतोनचा दिवस असाच गेला. मग नीसच्याच काठी, प्रोमनाद या फिरायच्या रस्त्यावरच्या निळ्या खुर्च्यांवर बसलो. त्या कुणाच्याही नसतात, पैसे पडत नाहीत. सासूबाईंनी मुलीसाठी पाच गोल गोटे निवडून पर्समध्ये टाकले होते, सागरगोट्यांसारखे खेळायला. किनाऱ्यावरचे गोटे नेणं कायद्याने मना आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी ते एकेक करून काढले आणि उठून पुन्हा पाण्याच्या कडेला ठेवून आल्या. संध्याकाळी सातला निघताना मुलीने जाऊन पाहिलं. पाचही तिथेच होते.